खडपातलं गोडं पाणी

मी पाठीवर सॅक लावून निघाले की सोसायटीचा वॉचमन विचारतो, "मॅडम, या वेळी कुठला गड?" त्या शनिवारी मी "मनोरी" म्हटलं, तर तो चक्क हसला. हसू दे. पंचवीस वर्षं मी सह्याद्रीत तंगडतोड करतेय. कोणी मनोरीला जायचं म्हणालं असतं, तर मीसुद्धा "तिथे लोक मासे खायला जातात, चालायला नाही" असंच बोलले असते. आता नाही बोलणार.

शुक्रवार, मुलुंड

सुरुवात शेजारच्या दारातून झाली. फिलूआंटी आमची शेजारीण. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले, आवाज मात्र पलीकडच्या काठावरच्या होडीला हाक मारावी असा. ती मूळची मनोरीची. लग्न होऊन मुलुंडला आली त्याला साठ वर्षं झाली, पण बोली अजून तिकडचीच. तिच्या नातीचं, शेरलचं, रविवारी लग्न होतं.

यांच्या ख्रिस्ती समाजात लग्नाआधी नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत विहिरीवरून आणतात. त्याला 'उंबराचं पाणी' म्हणतात. आपल्याकडे हळदीनंतर न्हाणं असतं, तसंच. फक्त आपण पाणी कुठलं याची चौकशी करत नाही. गीझर चालू असला की झालं.

"पानी कुठलं आननार सांग," आंटी म्हणाली. "विकतच्या बाटलीतलं?"

"विहीर कुठे आहे मुलुंडात?"

"म्हनून तर तुला बोलावलं. तू डोंगरबिंगर चढतेस ना?"

मग तिनं सगळं सांगितलं. मनोरीच्या पुढे, किनाऱ्यानं उत्तरेकडे खडपं लागतात, म्हणजे समुद्रात घुसलेले काळे खडक. त्या खडपांतून बायकांची जुनी वाट आहे. पुरुषांना होड्या होत्या, बायकांना पाय. उन्हाळ्यात गावातल्या विहिरी मचूळ झाल्या की त्या हंडे घेऊन या वाटेनं जायच्या, कारण टोकाला खडकात गोड्या पाण्याचा झरा आहे. भरतीला तो समुद्राखाली असतो, ओहोटीला उघडा पडतो. मनोरीच्या नवऱ्या त्याच पाण्यानं न्हायच्या. घरोघरी नळ आले आणि वाट सुटली.

"आंटी, साठ वर्षांपूर्वीचा झरा. असेल का अजून?"

तिनं दार लोटून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "ग्रेसीच्या लग्नाला मी नलाचं पानी भरलं."

ग्रेसी म्हणजे तिची मुलगी, शेरलची आई. शेरल चार वर्षांची असताना ती आजारपणात गेली.

"मनोरीला जायला येल नव्हता. बाथरूमच्या नलाखाली हंडा ठेवला नि वाजंत्रीवाल्यांना म्हटलं, गप ऱ्हावा, कुनाला कलता कामा नये. आजपातूर कुनाला सांगितलं नाय. तुला सांगते."

"अहो, नळाच्या पाण्यानं माणूस मरतं का?"

"नाय मरत. मी काय खुली हाय? पन नवऱ्याच्या घरी जाताना माझ्या पोरीला आयशीच्या गावचं पानी मिलालं नाय. एवढं तरी खरं ना?"

मी म्हटलं, "उद्या जाते."

"दोन बाटल्या आन."

"दोन कशाला? एका बाटलीतलं बादलीत घातलं की झालं."

"दोन आन म्हनते ना. उद्या तीथ काय?"

आमच्या घरी त्या उत्तरासाठी विचार करावा लागत नाही. सासूबाई माळकरी. कॅलेंडरवर एकादशी लाल पेनानं गोल केलेली असते. "उद्या एकादशी," मी ठसक्यात सांगितलं. "उपास आहे आमच्याकडे."

आंटीनं बोटांवर मोजलं आणि मान डोलावली. माझंही गणित तोंडपाठ होतं. माझे वडील मालवणकडचे. मुंबईला येऊन त्यांनी गिरणीत साचे चालवले, पण सांगायचे तेच, "दर्यार जातलंस तर आधी तीथ बघ." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अकराची पाऊणपट सव्वाआठ, तेव्हा पूर्ण भरती. पुढे सहा तासांनी, सव्वादोनला, पूर्ण ओहोटी. मोबाईलवर वेळापत्रक मिळतं, ठाऊक आहे मला. पण मी कोकणातल्या माणसाची मुलगी, मला भरती-ओहोटी मोबाईलनं शिकवायची?

इथेच माशी शिंकली होती, पण ती मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऐकू आली नाही.

शनिवार, मनोरी

मार्वेच्या जेट्टीवरून फेरीबोट पाच-सात मिनिटांत मनोरीला सोडते. तेवढ्यात काय जादू होते कळत नाही. मागे मालवणी वस्तीचे टॉवर दिसत असतात आणि समोर एका दारात म्हातारा जाळं शिवत बसलेला असतो. कुंपणांवर सुके बोंबील टांगलेले. जानेवारीचं ऊन, वारा गार. नाकात बोंबील आणि सॅकमध्ये साबुदाण्याची खिचडी. उपासाच्या दिवशी मनोरीला जाणं हीच मुळात शिक्षा आहे.

वाळू संपली, ताडाची झाडं लागली, आणि आंटीनं सांगितलेल्या जागी मी वाट शोधायला लागले. अर्धा तास ती सापडेना. केवड्याच्या जाळीत शिरून मी दोन्ही हात ओरबाडून घेतले. शेवटी पाय घसरला, बूड आपटलं, आणि जिथे आपटलं ती पायरी निघाली.

खडकात कोरलेली पायरी. तिच्याखाली दुसरी, तिसरी. अशा एकवीस मोजल्या. प्रत्येक पायरी मधोमध खोल गेलेली, वापरलेल्या पाट्यासारखी. माझा ट्रेकिंगचा बूट तिच्यात मावेना, म्हणून मी बूट काढले. अनवाणी पाऊल ठेवलं आणि ते बरोबर बसलं. टाच खळग्यात, बोटं कडेला. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचं पाऊल जेवढं पडेल, तेवढंच अंतर दोन पायऱ्यांत. खोटं कशाला बोलू, मी खालीच बसले जराशी.

गडांवर मी शेकडो पायऱ्या चढलेय. तिथे पाटी असते, कोणी बांधला, कोणी जिंकला. इथे पाटी नाही. ही वाट कोणत्या फिरंग्यानं खोदली की गावच्याच कोणी, आंटीलाही ठाऊक नव्हतं.

पायऱ्या संपल्या आणि खडपं सुरू झाली. बाई गं! मी मुंबईत जन्मले, मुंबईत वाढले, आणि हे माझ्या शहरात आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळावं? काळाकभिन्न खडक लांबवर पसरलेला, कुठे गुळगुळीत, कुठे करवतीसारखा. त्यात डबकी, आणि प्रत्येक डबक्यात एक वेगळाच संसार. एकात जांभळं फूल होतं. मी बोट लावलं तर ते मिटून गेलं. एकात नखाएवढे खेकडे शंख पाठीवर घेऊन घर बदलत होते. चिखलाच्या कडेला निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. मासे असून चालतात! उजवीकडे ताडाची रांग, डावीकडे नुसता समुद्र, आणि माणूस म्हणून मी एकटी. कर्नाळ्याला जायचं तर चार जणांच्या सुट्ट्या जमवाव्या लागतात, इथे बोलायलाही कोणी नव्हतं. तरी मी मोठ्यानं "काय हे! काय हे!" म्हणत होते.

या वाटेवर तीन खुरूस आहेत, म्हणजे खडकात कोरलेले क्रूस. ते सापडले की वाट बरोबर, असं आंटीनं बजावलं होतं. पहिला तासाभरानं सापडला, वीतभर उंचीचा, शेवाळानं हिरवा. त्याच्या बाजूला खडकात एक फळी कोरलेली होती, माझ्या खांद्याच्या उंचीची. ही कशाला, मला कळेना. मग मी सॅक डोक्यावर घेतली आणि गंमत म्हणून गुडघे जरा वाकवून ती पुढे सरकवली. सॅक अलगद फळीवर गेली. हंडा उतरवायची जागा! एकटीनं चालणाऱ्या बाईला डोक्यावरचा हंडा उतरवायला दुसरं कोणी लागू नये म्हणून कोणीतरी ती खोदली होती. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पिशव्या ठेवायला साधा हूक नाही.

दुसऱ्या खुरसापाशी मी खिचडी खाल्ली. तिथून निघताना शेवाळावरून पाय सटकला, तळहात कालवांच्या शिंपल्यांवर चिरला आणि मोबाईल डबक्यात गेला. काढला तेव्हा त्यानं एकदा उजेड पाडला आणि डोळे मिटले. म्हटलं, असू दे, घड्याळ आहे हातात.

तिसरा खुरूस

दुपारी सव्वा वाजता तिथे पोचले. आंटीनं सांगितलं होतं, खुरसाकडे पाठ करून समुद्राकडे वीस पावलं, खडकात वाटीसारखा खळगा, दोन विती रुंद, तोच झरा. मी वीस पावलं मोजली. तेराव्या पावलाला पाण्यात शिरले, विसाव्याला मांडीपर्यंत. हातानं चाचपलं. खडक, शेवाळ, खडक. पाणी जिभेला लावलं, खारट जहर.

अजून तासभर आहे म्हणून बसून राहिले. पाणी उतरत होतं, पण बेतानं. दोन वाजले. दोन दहा झाले. विसाव्या पावलाला अजून पोटरीभर पाणी होतं. माझ्या गणितानं आता पाच मिनिटांत भरती लागणार होती.

म्हणजे झरा बुडाला. साठ वर्षांत समुद्र वर आला असेल, मुंबईनं एवढी भर घातलीय. समोरचा खडक अजून ओला होत नव्हता, वाळत होता, हे डोळ्यांना दिसत होतं. पण डोळ्यांपेक्षा मी पाऊणपटीवर विश्वास ठेवला. शहाणी ना मी!

सॅकमधल्या दोन रिकाम्या बाटल्या खडखडत होत्या. आणि मग माझ्या मनात जे आलं ते लिहिते, कारण आंटीला ते अजून सांगितलेलं नाही. मनात आलं, मनोरीत कुठल्याही नळावर भरावं. गाव तेच, नळ तिथलाच, कोणाला कळणार आहे? म्हातारीचं समाधान होईल. मी पक्कं ठरवलंसुद्धा. परतीच्या वाटेला लागले आणि दहा पावलांवर ग्रेसीचा हंडा आठवला. आंटीनंही असंच म्हटलं असेल, कोणाला कळणार आहे. पण तिला स्वतःला कळत होतंच, आणि तिनं ते आयुष्यभर उरावर वागवलं. मी तिथेच थांबले. पण मग करू काय? रिकाम्या हातानं जाऊन सांगू, की तुमचा झरा गेला?

तेवढ्यात समोरून एक बाई आली. पासष्टीची असेल, लुगडं गुडघ्यांवर खोचलेलं, हातात टोपली आणि कोयती. खडकांवरून अशी येत होती, जशी मी माझ्या स्वयंपाकघरात वावरते.

"काय गो बाय, हरवलीस काय?" तिनं विचारलं. माझा तळहात बघितला आणि हसली. "कालवानं चावला ना? बस हितं."

तिचं नाव मार्था. कालवं फोडायला आली होती. फडक्याची पट्टी फाडून तिनं माझा हात बांधला आणि टोपलीतून तांदळाची भाकरी काढली. "खा. सुकटीची चटनी हाय."

त्या चटणीचा वास! भूक तर अशी लागली होती की भाकरीसकट फडकं खाल्लं असतं. "नको मावशी," मी म्हटलं, "आज एकादशी आहे माझी."

मार्था थांबली. "एकादशी? ती काल झाली. आज बारस."

मला हसूच आलं. खुरसासमोर उभी राहून, गळ्यात क्रूस घातलेली बाई मला माझी एकादशी सांगत होती. "मावशी, आमच्या कॅलेंडरवर आहे छापलेलं."

"तुमच्या कॅलिंडराचं मला नाय ठाव. मी कालवा फोडते. एकादशीला पावनेदोनला उतरते, बारशीला अडीचला. आज अडीचला उतरले. तुझा उपास चुकला, नायतर माझा दर्या चुकला." तिनं समुद्राकडे बघितलं. "दर्या तर काय चुकत नाय."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कॅलेंडरवर दोन चौकोन होते. शुक्रवारी स्मार्त एकादशी, शनिवारी भागवत एकादशी. सासूबाई माळकरी, त्यामुळे आमच्याकडे भागवत पाळतात आणि लाल गोल तिलाच असतो. ती पुष्कळदा द्वादशीलाच येते. उपासाला ते चालतं. समुद्राला काय पडलंय आमची माळ आहे की नाही त्याचं? बारा पाऊणे नऊ. सकाळी नऊला भरती, दुपारी तीनला ओहोटी!

"मावशी, झरा! उंबराच्या पाण्याचा झरा! आहे का अजून?"

"हाय म्हंजे? जानार कुठं? भांगेच्या दिवसांत पानी कमी हटतं, तवा नाय दिसत. बारशीला दिसतो, पन थोडा येल." ती उठली. "कुनाचं लगीन?"

तीन वाजून पाच मिनिटांनी समुद्र आणखी एक वीत मागे सरला आणि खडकातून ती वाटी वर आली. दोन विती रुंद, कड हातानं तासलेली. आत समुद्राचंच पाणी होतं. मी बाटली बुडवायला गेले, तर मार्थानं हातावर चापट मारली.

"थांब गो. पयली उपसायची."

टोपलीतल्या करवंटीनं तिनं वाटी कोरडी केली. ती हळूहळू भरली. तीही उपसली. "आता तिसरी. चाख."

वाटीच्या तळाला वाळूचे कण नाचत होते. खालून पाणी येत होतं. चारी बाजूंना समुद्र, दहा पावलांवर लाटा, आणि मी ओंजळ तोंडाला लावली. गोड! गार आणि गोड! मी आयुष्यात देव पाहिला नाही, पण त्या क्षणी माझे हात आपोआप जोडले गेले. डोळ्यांतून पाणी आलं, खारट. मला रडताना बघून मार्था म्हणाली, "रडू नको, भर. आता दर्या फिरंल."

करवंटी लहान, झऱ्याचा जोर बेताचा. पहिली बाटली भरली. दुसरी अर्धी झाली तेव्हा पहिली लाट वाटीच्या कडेला लागून गेली. मार्था शांतपणे ओतत होती, आणि ओततानाच गायला लागली. उंबराच्या पाण्याचं गाणं. आवाज फाटका, ताल कोयतीच्या मुठीनं टोपलीवर.

"हे पानी मुक्यानं न्यायचं नसतं," ती म्हणाली. "वाजव तू पन."

मी, बँकेतून निवृत्त झालेली बाई, भर दुपारी समुद्रात उकिडवी बसून टाळ्या वाजवत होते. दुसरी बाटली पाऊण झाली आणि मोठी लाट आली. मार्थानं करवंटी उचलली, मी झाकण लावलं. वळून बघितलं तर वाटी नव्हती. पाणीच पाणी.

सुकटीची चटणी तिनं मला कागदात बांधून दिली. "उद्या खा, तुझा उपास सुटल्यावर," म्हणाली आणि कालवं फोडायला निघून गेली.

पुन्हा मुलुंड

फेरीत, बसमध्ये, रिक्षात मी बाटल्या मांडीवर घेऊन बसले. आंटीनं पहिल्या बाटलीतला थेंब तळहातावर घेऊन चाटला. मग विचारलं, "गानं कोनी म्हटलं?" मी मार्थाचं सांगितलं. तिनं माझा बांधलेला हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दुसरी बाटली मात्र तिनं कपाटात ठेवली.

रविवारी सकाळी साडेसहाला आमची बेल वाजली. आंटी दारात, चुरगळलेल्या गाऊनवर शाल, हातात काठी आणि ती पाऊण बाटली.

"शेरलची आंघोल आठला हाय. तवर जाऊन येऊ. मला सिमेटरीत ने."

रिक्षा दारापर्यंत नेली. आत ती माझ्या खांद्यावर भार टाकून चालली. ग्रेसीची कबर भिंतीच्या कडेला आहे. आंटीला वाकता येईना, म्हणून बाटलीचं झाकण मी उघडलं.

तिनं पाणी ओतलं, डोक्याच्या बाजूनं सुरू करून पायापर्यंत, नवरीला घालतात तसं. "ग्रेसी, उशीर झाला गो बाय," ती म्हणाली. "आयशीच्या गावचं हाय. नलाचं नाय."

बाटली रिकामी झाली. मग ती माझ्याकडे वळली.

"मुक्यानं नसतं घालायचं. तवा मी वाजंत्रीला गप केलं होतं."

आणि ती गायला लागली. मला शब्द येत नव्हते. मी टाळ्या वाजवल्या.